मॅट काळ्याला पॉलिश चालत नाही

मी नागपूरच्या प्रताप नगरात राहते आणि हिंगणा तालुक्यातल्या बचत गटांमध्ये सहयोगिनी म्हणून काम करते. आज मी मोटारसायकलच्या रंगाबद्दल बोलणार आहे, त्यातही मॅट काळ्या रंगाबद्दल. पापड-लोणची, शेळीपालन, परसबाग सोडून ताईंनी हे काय काढलं, असं तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील. पण आपापल्या गटाची कर्जाची वही उघडून पाहा. बियाणं, दवाखाना, मुलीची फी यांच्या जोडीला गाडीसाठी उचललेलं कर्ज कुठे ना कुठे सापडतंच. ही गाडी घरातली मोठी वस्तू असते. अडचणीला तीच विकली जाते आणि विकताना गिऱ्हाईक आधी तिचा रंग पाहतं.

आमच्या एका गटातल्या ताईंचा दुधाचा धंदा आहे. मुलाच्या आवडीपायी मॅट काळी मोटारसायकल घेतली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकायचे. वर्षभरात कॅन घासून घासून बाजूच्या पॅनलवर चट्टे पडले आणि टाकीवर गुडघे लागतात तिथे रंग चमकायला लागला. गाडी विकायची ठरली तेव्हा ती एका गॅरेजमध्ये साफ करायला दिली. तिथल्या पोराने प्रेमाने पॉलिश लावलं आणि फडक्याने चांगलं रगडलं. टाकीवर हातभर तेलकट डाग पडल्यासारखं दिसू लागलं. ते लपवायला म्हणून पुढे एका पेंटरने तेवढ्याच जागेवर काळा रंग फवारला, तर डागाभोवती राखाडी कडं उमटलं. गिऱ्हाईक आलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणालं, ‘काहून ताई, ॲक्सिडेंटची आहे का?’ गाडी एकदाही पडलेली नव्हती. शेवटी पूर्ण टाकी आणि दोन्ही पॅनल पुन्हा रंगवून घ्यावी लागली. म्हणजे आधी पॉलिशचे पैसे गेले, मग डागाचे आणि मग पूर्ण कामाचे. गटाचं व्याज तोवर चालूच होतं.

यात कुणाची लबाडी नव्हती. चमकत्या रंगाला जे चालतं ते मॅटला चालत नाही, एवढंच त्या दोघांना माहीत नव्हतं. का चालत नाही, ते समजून घेऊ.

रेडिओवर रंग दाखवता येत नाही, म्हणून एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. आपली शाळेतली दगडी पाटी. कोरडी असताना ती राखाडी-काळी, निस्तेज दिसते. ओलं फडकं फिरवलं की काळीभोर होते आणि खिडकीचा उजेड तिच्यात दिसतो. वाळली की पुन्हा राखाडी. पाटी तीच, दगड तोच. मग बदललं काय? फक्त वरचा पृष्ठभाग. कोरड्या पाटीचा पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत असतो, त्यामुळे त्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो. पाण्याने ते खड्डे भरून वर सपाट थर तयार झाला की उजेड आरशासारखा एकाच दिशेला परत फिरतो. त्याला आपण चमक म्हणतो.

मॅट रंग म्हणजे कोरडी पाटी. गाडीवर आधी काळा रंग असतो आणि त्याच्या वर पारदर्शक थर असतो. पेंटर त्याला क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. चमकत्या गाडीवर हा थर काचेसारखा गुळगुळीत असतो. मॅट गाडीवर त्याच लॅकरमध्ये सिलिकाची, म्हणजे आपली वाळू ज्याची बनते त्याच पदार्थाची, पिठाहून बारीक भुकटी मिसळलेली असते. थर वाळताना आक्रसतो आणि भुकटीमुळे वर बारीक खडबडीतपणा राहतो. मॅटपणा हा असा अगदी वरच्या थरात असतो. पॉलिश किंवा मेण लावलं की त्या खडबडीतपणातले खड्डे भरतात. रगडलं की उंचवटे घासून जातात. दोन्हींचा परिणाम एकच, तेवढा भाग चमकतो. शाळेच्या पँटची बसायची जागा वर्षअखेरीस जशी चमकते, तसंच. आणि पँटची चमक जशी धुऊन जात नाही, तशी ही घासून गेलेली चमकही परत मॅट होत नाही. नुसतं मेण बसलं असेल तर ते सौम्य साबणाने किंवा मेण काढायच्या द्रावणाने पुष्कळसं निघतं. उंचवटेच घासले गेले असतील तर पुन्हा रंगवणं हाच उपाय.

चमकत्या रंगात पेंटरच्या हाताला दुसरी संधी असते. धूळ बसली, ओघळ आला, संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार झाली तर दुसऱ्या दिवशी बारीक पेपरने घासायचं, पॉलिश मारायचं, काम साफ. नागपुरात संत्र्याची साल म्हटल्यावर समजावून सांगावं लागत नाही. मॅटमध्ये ही दुसरी संधी नाही. शेवटचा हात मारला की जे दिसतं तेच राहतं. म्हणून मॅटचं सगळं डोकं रंग मारण्याआधी चालवायचं असतं, आणि पेंटरकडे जाणाऱ्या बाईने प्रश्नही आधीच विचारायचे असतात.

आता रंग जुळवण्याबद्दल. काळा तो काळा, त्यात जुळवायचं काय, असं वाटतं. तसं नाही. एका काळ्यात निळसर झाक असते, दुसऱ्यात तपकिरी. वेगवेगळ्या कापडाच्या दोन काळ्या ओढण्या शेजारी धरल्या की आपल्याला लगेच कळतं. शिवाय कंपन्यांच्या नावांवर जाऊ नका, पण नाव विचारून घ्याच. रॉयल एनफील्डने २०१७ मध्ये ‘स्टेल्थ ब्लॅक’ नावाने मॅट काळी क्लासिक आणली. होंडा ॲक्टिव्हाचा ‘मॅट ॲक्सिस ग्रे’ सावलीत पुष्कळांना काळाच वाटतो, पण तो आहे धातूची झाक असलेला गडद राखाडी. त्यावर साधा मॅट काळा मारला तर दुपारच्या उन्हात ठिगळ दिसणार. म्हणून गाडीचं मॉडेल, वर्ष आणि रंगाचं पूर्ण नाव घेऊन शोरूमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा आणि रंगाचा कोड लिहून आणा. काही गाड्यांवर तो सीटखाली किंवा फ्रेमवरच्या चिकटपट्टीवरही असतो.

कोड मिळाला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं चमकेचं. मॅटमध्येही पायऱ्या असतात: एकदम खडूसारखा मॅट, त्याहून थोडा रेशमी, त्याला सॅटिन म्हणतात, आणि मग अर्धी चमक. चमक मोजायचं यंत्र असतं. त्यात घासून गुळगुळीत केलेल्या काळ्या काचेला १०० धरतात आणि साधारण १० च्या खाली आलं की मॅट समजतात. आपल्या गल्लीतल्या पेंटरकडे हे यंत्र नसेल आणि नसलं तरी अडत नाही. अडतं ते नमुना न पाहिल्याने. पाटीचं उदाहरण आठवा. काळा तोच असला तरी मॅट थरामुळे तो फिकट राखाडी दिसतो आणि सॅटिनमुळे गडद. चमक चुकली की डोळ्याला रंगच चुकल्यासारखा वाटतो. पेंटर मग रंगात काळा वाढवत बसतो आणि गुंता वाढत जातो.

यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे: नमुन्याची पट्टी. तळहाताएवढे पत्र्याचे तीन तुकडे घ्यायचे. गाडीवर जे होणार ते सगळं त्यांच्यावर करायचं, म्हणजे प्रायमर, काळा, वरचा लॅकर, तेवढेच हात. मात्र पहिल्यावर पूर्ण मॅट लॅकर, दुसऱ्यावर मॅटमध्ये थोडा सॅटिन मिसळून आणि तिसऱ्यावर निम्मा-निम्मा. मिसळायचे दोन्ही लॅकर एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे हवेत. प्रमाण तुकड्याच्या मागे लिहून ठेवायचं. मग २४ तास थांबायचं, कारण ओला मॅट चमकतो आणि वाळत जाईल तसा उतरतो. ओल्यावर निर्णय घेणं म्हणजे कच्ची भाजी चाखून मीठ घालणं. वाळल्यावर तुकडे गाडीच्या धुतलेल्या भागाला टेकवून पाहायचे, आधी उन्हात, मग सावलीत, समोरून आणि तिरकं वाकून. ट्यूबलाइटखाली पाहून ठरवू नका. ट्यूबखाली जुळलेले दोन काळे उन्हात वेगळे निघू शकतात, हे साडीच्या दुकानात आपण सगळ्यांनी भोगलेलं आहे.

जुळवायचं कशाशी, हाही प्रश्न आहे. सीटखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे कंपनीचा मूळ रंग सापडतो. पण आपल्या उन्हाळ्यात चार-पाच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा बाहेरचा रंग मूळ राहत नाही. एकच पॅनल रंगवायचं असेल तर नमुना शेजारच्या आजच्या भागाशी जुळवा. सगळीच गाडी करायची असेल तर मूळ रंगाशी.

पेंटरला पहिली अट ही घाला: डाग कितीही लहान असो, रंग पूर्ण पॅनलवर कडेपासून कडेपर्यंत जाईल. चमकत्या रंगात जुना आणि नवा लॅकर जिथे भेटतात ती जागा पॉलिश करून मिसळता येते. मॅटमध्ये तिथे पॉलिश चालत नाही आणि कडं दिसतं. दूधवाल्या ताईंच्या टाकीवर उमटलं ते हेच. जोड नेहमी पॅनलच्या कडेला, जिथे एक भाग संपून फट येते, तिथे हवा. फटीच्या अलीकडे-पलीकडे उन्नीस-बीस फरक असला तर डोळा खपवून घेतो. गाडीची डावी आणि उजवी बाजू एका वेळी दिसत नाही, त्यामुळे एका बाजूचं पॅनल केलं म्हणून दुसऱ्या बाजूचं करायलाच हवं असं नाही. पेंटर तसं म्हणाला तर का ते विचारा.

आणि त्याच्याही आधी एक हिशोब करा. बाजूचं छोटं प्लास्टिकचं पॅनल असेल तर कंपनीचं रंगवून आलेलं नवं पॅनल कितीला पडतं, ते काउंटरवर विचारा. पुष्कळदा रंगकामाच्या खर्चाच्या जवळपासच बसतं आणि रंग जुळवायचा त्रास वाचतो. टाकीचं तसं नसतं. टाकी महाग असते, ती रंगवणंच परवडतं. टाकीवर कंपनीची नक्षी किंवा नावाची चिकटपट्टी असेल तर ती रंगकामात जाणार. नवी मिळते का हे आधी पाहून मगच काम सुरू करा.

आता प्रत्यक्ष काम. यातला काही भाग आपल्याला घरी जमण्यासारखा आहे: आरशाची दांडी, मागचं पकडायचं हँडल, मडगार्ड, छोटं पॅनल. टाकी घरी करू नका, ते का ते पुढे सांगते.

सुटा भाग गाडीवरून काढून घ्या. गाडीवरच ठेवून भोवती कागद चिकटवला की कडेला रंगाची रेघ राहतेच. आधी भांडी घासायच्या साध्या साबणाने धुऊन वाळवा. मग तेल-मेण काढायच्या द्रावणाने पुसा. एका फडक्याने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. हे पेपर मारण्याच्या आधी करायचं. तेलकट भागावर पेपर मारला की तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. खरचटलेल्या कडा ३२० नंबरच्या पेपरने उतरत्या करा. बोटाने चाचपल्यावर पायरी लागता कामा नये. खड्डा असेल तर पुट्टी भरा, आपले पेंटरभाऊ तिला लांबी म्हणतात. पुट्टी वाळली की ३२० ने सपाट करा, मग ४०० चा पाणी पेपर. मॅटखाली काही झाकलं जातं या भ्रमात राहू नका. तिरक्या उजेडात खालची प्रत्येक लाट दिसते.

मग प्रायमरचे दोन हात. भाग प्लास्टिकचा असेल तर त्याआधी प्लास्टिक प्रायमर लागतो, नाहीतर काही महिन्यांत पापुद्रे निघतात. प्रायमर वाळल्यावर ६०० चा पाणी पेपर हलक्या हाताने, धुणं, वाळवणं आणि मऊ फडक्याने धूळ टिपणं. यात घाई केली की पोळ्याला बैलाच्या शिंगांना मारलेल्या रंगासारखं होतं. तान्ह्या पोळ्यापर्यंतही टिकत नाही.

काळ्याचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये १० ते १५ मिनिटं. आणि मग मॅट लॅकर, ज्यावर सगळा खेळ आहे. डबा किंवा स्प्रे आधी नीट हलवा. आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवत राहा. चमक मारणारी भुकटी तळाला बसते आणि नीट हलवलं नाही तर पहिला फवारा चमकता आणि शेवटचा खडूसारखा निघतो. स्प्रेचा डबा भागापासून वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरवर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे, अंगण सारवताना हात जसा आधीच्या फटकाऱ्यावर चढतो तसा. हाताचा वेग एकसारखा ठेवा. जिथे थर जाड बसतो तिथे चमक वेगळी येते, जिथे कोरडा उडतो तिथे खरखरीत होतं. असे दोन हात, आणि दोन्ही एकाच बैठकीत. धूळ बसली तर बोट लावू नका. शेवटच्या हातातला दोष काढायचा तर वाळल्यावर पूर्ण भाग ८०० ने घासून लॅकर पुन्हा मारायचा, याशिवाय मार्ग नाही.

आपल्याकडे यात ऋतूही बोलतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फवारा भागावर पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग पिठूळ होतो. श्रावणात हवा इतकी दमट असते की वाळणाऱ्या रंगावर ओल बसून पांढुरकी छटा येते, आणि ती काळ्यावर सगळ्यात जास्त दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या कामाचे महिने, तेही सकाळचं दव ओसरल्यावर, ११ ते ३ च्या दरम्यान. पेंटरला पावसाळ्यातच घाईने काम करायला लावू नका. तो नाही म्हणाला तर तो चांगला पेंटर आहे असं समजा.

आता टाकी. स्प्रेच्या डब्यातला साधा रंग नुसता थिनर उडून वाळतो. त्यावर पेट्रोल सांडलं की तो पुन्हा मऊ होतो आणि पुसल्यावर निघतो. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडणारच. म्हणून टाकीवर हार्डनर घालून पक्का होणारा लॅकर लागतो. पेंटर त्याला टू-के म्हणतात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते मापाच्या पेल्याने घ्यायचं असतं. अंदाजाने हार्डनर घातला की चमकही बदलते आणि टिकाऊपणाही. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर, म्हणून उरलेला उद्या वापरू असं नसतं.

या हार्डनरबद्दल मला तुमचं पूर्ण लक्ष हवं आहे. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्यातून ती श्वासात गेली तर दमा होऊ शकतो. एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो आणि ते आयुष्यभर राहू शकतं. त्यांचा वास धोक्याची सूचना देईल यावर विसंबता येत नाही. तोंडाला ओढणी बांधून किंवा करोनातला मास्क लावून या वाफा अडत नाहीत. ज्या दुकानांत हे काम नीट चालतं तिथे फवारणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क असतो आणि धूर ओढून घेणारी बंद खोली असते. म्हणून टू-के घरी नाही, अंगणात नाही, गोठ्यात नाही. बाजारात टू-केचे स्प्रेचे डबेही मिळतात. डबा लहान म्हणून धोका लहान होत नाही. साध्या स्प्रेनेही काम उघड्यावर करा, वाफ अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लेकरं आणि दम्याचं माणूस आसपास नको. चूल, उदबत्ती, बिडी लांब. आणि पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ असते. ती उतरवणं आणि मोकळी करणं मेकॅनिकचं काम.

एका गटाने मला विचारलं होतं, हाच धंदा पोरींना शिकवून कॉम्प्रेसर आणि गनसाठी गटातून कर्ज द्यावं का? माझं मत तेव्हाही हेच होतं की कर्ज शेवटी, शिकणं आधी. आयटीआयमध्ये ‘पेंटर (जनरल)’ हा ट्रेड आहे. मुलींनी तो घ्यावा, नाहीतर चांगल्या दुकानात वर्षभर हाताखाली काम करावं. आणि कर्जाच्या अर्जात कॉम्प्रेसरच्या वर मास्क आणि हवा खेचणारा पंखा लिहिलेला नसेल तर गटाने तो अर्ज परत पाठवावा. मुलीचा हात स्थिर असतो, नजर बारीक असते. रांगोळीचा ठिपका न हलवता टाकणारीला फवाऱ्याचा वेग लवकर कळतो असं मला वाटतं. पण फुफ्फुसं गेली तर कुठलाच धंदा राहत नाही.

जुनी मॅट गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक युक्ती. विकणाऱ्याची परवानगी घेऊन सीटच्या कडेखालच्या, न दिसणाऱ्या जागी थिनरने ओलसर केलेलं फडकं क्षणभर टेकवा आणि पाहा. फडकं काळं झालं तर रंग स्प्रेच्या डब्याचा आहे. कंपनीचा किंवा हार्डनरचा रंग असा सहज निघत नाही. मग रंग का मारला ते विचारा आणि चाक, चिमटा, फ्रेम नीट तपासा. आरसीवर रंगाची नोंद असते, तीही जुळवून पाहा. तोच रंग पुन्हा मारला तर काही प्रश्न नाही. लाल गाडी मॅट काळी करायची असेल तर आरटीओत कळवून आरसीवर बदल करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. एमएच-४० ची गाडी असेल तर नागपूर ग्रामीणचं कार्यालय, एमएच-३१ असेल तर शहराचं.

एका भगिनीने पत्रातून विचारलं आहे की हार्डवेअरच्या दुकानात शाळेच्या फळ्याचा काळा रंग स्वस्त मिळतो, तोही मॅटच असतो, तो चालेल का? कल्पना चांगली आहे. फळा मॅट असतो तो मागच्या बाकावरच्या पोराच्या डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणूनच. पण तो रंग भिंतीसाठी, लाकडासाठी आणि सावलीसाठी केलेला असतो. ऊन, पाऊस, पेट्रोल आणि हादरे त्याला सोसत नाहीत. गोठ्याच्या दाराला मारा, गाडीला नको. सायलेन्सरला मात्र तिसराच रंग लागतो, उष्णता सोसणारा. तो इंजिन तापवून पक्का करावा लागतो, नेहमीचा मॅट तिथे आठवडाभरात भाजून निघेल.

रंगवून आणलेली गाडी आठवडाभर धुऊ नका, पेट्रोल भरताना टाकीवर फडकं धरा. पुढेही सौम्य शाम्पू, भरपूर पाणी आणि मऊ फडकं, बस. पेट्रोल सांडलं तर टिपून घ्या, रगडू नका. डॅशबोर्डचं चमकवणारं द्रावण टाकीला लावू नका. गाडीवरचं सैल कव्हर वाऱ्याने दिवसभर घासत राहिलं तरी चमकतं, म्हणून ते बांधून ठेवा. दुधाचे कॅन लटकवत असाल तर मधे जुन्या ट्यूबचा तुकडा गाडीला नाही, कॅनला बांधा. गाडीला बांधलात तर ट्यूबखाली अडकलेली धूळच रंग घासते. आणि दसऱ्याला गाडीची पूजा कराल तेव्हा तेलातलं हळदकुंकू मॅट टाकीवर लावू नका. तो डाग खड्ड्यांत उतरतो आणि घासून काढता येत नाही. हेडलाइटच्या काचेवर बोट ओढा, फूल हँडलला बांधा.